नारायण मेघाजी लोखंडे

नारायण मेघाजी लोखंडे (१८४८ – ९ फेब्रुवारी १८९७) हे मुंबईतील सत्यशोधक कार्यकर्ते, संपादक आणि भारतातील कामगार चळवळीचे आद्य प्रवर्तक होते. महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी असलेल्या लोखंडे यांनी १८८० पासून दीनबंधू हे साप्ताहिक मुंबईतून चालविले आणि १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही गिरणी कामगारांची संघटना उभी केली. रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळवून देणारे नेते ही त्यांची सर्वपरिचित ओळख आहे. मात्र १८८४ च्या त्यांच्या निवेदनात आणखी एक महत्त्वाची मागणी होती. यंत्रावर काम करताना जखमी झालेल्या कामगाराला तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी, अशी ती मागणी होती. तिला अंशतः तरी कायद्याचे रूप येण्यास आणखी जवळपास ४० वर्षे लागली.

प्रारंभिक जीवन

लोखंडे यांचा जन्म ठाणे येथे एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. त्यांचे मूळ घराणे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण झाल्यावर त्यांनी काही काळ रेल्वे व टपाल खात्यांत नोकरी केली. पुढे ते मुंबईतील मांडवी भागातील एका कापड गिरणीत भांडारपाल म्हणून लागले. गिरणीच्या भांडारात यंत्रांचे सुटे भाग, तेल, पट्टे इत्यादी सामान ठेवले जाई आणि प्रत्येक खात्याची माणसे ते नेण्यासाठी तेथे येत. त्यामुळे सर्व खात्यांतील कामगारांशी त्यांचा रोजचा संबंध आला. कामाचे तास, पगारातील दिरंगाई, जॉबरची मनमानी आणि यंत्रावरील अपघात या गोष्टी त्यांना जवळून पाहता आल्या. पुढे त्यांनी नोकरी सोडली व पूर्ण वेळ सार्वजनिक कार्याला वाहून घेतले.

सत्यशोधक समाज व दीनबंधू

जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. लवकरच मुंबईतही समाजाचे काम सुरू झाले आणि लोखंडे त्याच्या प्रमुख कार्यकर्त्यांपैकी एक झाले. मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि बांधकामावर राबणारा बहुतेक वर्ग शेतकरी व कारागीर जातींतून आलेला होता. सत्यशोधक विचार या वर्गापर्यंत पोहोचविणे आणि त्याच्या रोजच्या अडचणींना वाचा फोडणे ही दोन्ही कामे लोखंडे यांनी एकत्रच हाती घेतली.

कृष्णराव पांडुरंग भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात दीनबंधू हे साप्ताहिक सुरू केले होते. आर्थिक अडचणींमुळे ते बंद पडल्यावर १८८० मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईत पुन्हा सुरू केले. रामय्या व्यंकय्या अय्यावारू यांच्यासारख्या तेलुगू समाजातील सत्यशोधकांचे त्यासाठी मोठे साहाय्य झाले. ब्राह्मणेतर समाजातील शिक्षण, शेतकऱ्यांची कर्जे, दारूबंदी, सरकारी नोकऱ्यांतील प्रतिनिधित्व या विषयांबरोबर गिरण्यांतील परिस्थिती हा दीनबंधूचा नेहमीचा विषय होता.

फुले व लोखंडे यांच्यात मतभेदाचे प्रसंगही आले. फुले यांच्या शेतकऱ्याचा असूड या ग्रंथाची प्रारंभीची प्रकरणे दीनबंधूत छापल्यानंतर लोखंडे यांनी पुढील मजकूर छापला नाही आणि फुले त्यामुळे नाराज झाले. तरीही दोघांचे सहकार्य तुटले नाही. ११ मे १८८८ रोजी मुंबईतील मांडवी येथे फुले यांचा जाहीर सत्कार होऊन त्यांना महात्मा ही पदवी अर्पण करण्यात आली. हा समारंभ घडवून आणणाऱ्या मुंबईतील सत्यशोधक कार्यकर्त्यांत लोखंडे हेही होते.

गिरण्यांतील काम व यंत्रावरील अपघात

मुंबईतील पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेव येथे स्थापन केली व तिचे उत्पादन १८५६ मध्ये सुरू झाले. पुढील तीन दशकांत गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली. गिरण्यांत विजेचे दिवे येण्यापूर्वी काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. त्यामुळे उन्हाळ्यात कामाचा दिवस हिवाळ्यापेक्षा कितीतरी लांब होई. दुपारची निश्चित सुट्टी नव्हती आणि आठवड्याची ठरलेली सुट्टीही नव्हती. बहुतेक ठिकाणी सणांच्या दिवशी गिरणी बंद राही. इतर दिवशी ती बंद राहिली तरी त्यातील बराच वेळ यंत्रांच्या साफसफाईत जाई.

त्या काळच्या गिरणीत एका मोठ्या वाफेच्या इंजिनावर सर्व खाती चालत. इंजिनाची गती छताजवळून जाणाऱ्या लांब लोखंडी दांड्यांना दिली जाई आणि त्या दांड्यांवरून चामड्याचे पट्टे प्रत्येक यंत्रापर्यंत खाली येत. एखाद्या कामगाराचा हात किंवा धोतराचा सोगा पट्ट्यात अडकला, तरी त्याच्यासाठी इंजिन थांबविणे त्याच्या हातात नसे. कापूस पिंजणाऱ्या यंत्रातील दातेरी रूळ, सूत कातणाऱ्या साच्यांची उघडी दातेरी चाके आणि मागावरून वेगाने सुटणारा धोटा ही धोक्याची ठिकाणे होती. धोटा मागाबाहेर उडाल्यास शेजारच्या कामगाराचा डोळा जाण्याची भीती असे. यंत्रावर साचणारे कापसाचे तंतू चालत्या यंत्रातूनच काढण्याची पद्धत होती. हे काम बहुधा लहान मुलांकडे येई, कारण त्यांचा हात यंत्राखाली सहज जाई. लांबलेला दिवस, उष्णता, गोंगाट आणि थकवा यांमुळे संध्याकाळकडे धोका वाढे.

जखमी झालेल्या कामगाराचे पुढे काय होई, हे गिरणीतील भरतीच्या पद्धतीवर अवलंबून होते. कामगाराला नोकरीवर घेणारा आणि काढणारा जॉबर होता. स्त्रियांच्या खात्यात हे काम नायकीण करी. कामावर न आलेल्या माणसाच्या जागी बदली कामगार उभा केला जाई आणि बरा होऊन परतलेल्याला जुनी जागा मिळेलच याची खात्री नसे. पगार महिन्याच्या अखेरीनंतर बऱ्याच दिवसांनी मिळे. त्यामुळे ज्या दिवशी हात गेला त्या दिवशी कामगाराच्या गाठीला पैसे नसत आणि झालेल्या कामाचा पगारही गिरणीकडेच अडकलेला असे. मुंबईत कुटुंब किंवा नातेवाईक नसलेल्या माणसाला कर्ज काढून गावी परतण्यापलीकडे फारसा मार्ग राहत नसे.

कायद्याच्या दृष्टीने त्याची बाजू दुबळी होती. अपघातात मृत्यू झाल्यास वारसांना नुकसानभरपाईचा दावा करू देणारा कायदा १८५५ मध्ये झाला होता. मात्र त्यासाठी दिवाणी न्यायालयात जाऊन मालकाचा दोष सिद्ध करावा लागे. चूक सहकामगाराची होती किंवा धोका माहीत असूनच कामगाराने ते काम पत्करले होते, असा बचाव मालकाला करता येई. निरक्षर व कर्जबाजारी कामगाराच्या कुटुंबाला असा दावा लढविणे जवळपास अशक्य होते.

१८८१ चा कारखाना कायदा

मुंबई सरकारने १८७५ मध्ये गिरण्यांतील परिस्थितीची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला. सोराबजी शापुरजी बंगाली यांनी कामगार कायद्याचा सातत्याने पाठपुरावा केला. अखेर १८८१ मध्ये भारतातील पहिला कारखाना कायदा संमत झाला. यांत्रिक शक्तीवर चालणारे, किमान १०० कामगारांचे आणि वर्षातून चार महिन्यांहून अधिक काळ चालणारे कारखानेच त्याच्या कक्षेत आले. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी झाली व सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम दिवसाला नऊ तासांवर मर्यादित करण्यात आले.

अपघातांच्या संदर्भात या कायद्याने दोन गोष्टी केल्या. धोकादायक यंत्रांभोवती कुंपण घालणे मालकांवर बंधनकारक झाले आणि अपघात घडल्यास त्याची सूचना अधिकाऱ्यांना देणे आवश्यक ठरले. पण सूचना दिल्यानंतर जखमी माणसासाठी काय करावयाचे, याबाबत कायद्यात काहीच नव्हते. अपघाताची नोंद सरकारदरबारी होई, प्रसंगी निरीक्षक कुंपणाची पाहणीही करी; जखमी कामगाराचा पगार मात्र त्याच दिवशी थांबे. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या कामाच्या तासांनाही या कायद्याने हात लावला नव्हता. हंगामी कारखाने वगळले गेल्यामुळे खान्देशासारख्या कापूस पिकविणाऱ्या भागातील अनेक जिनिंग कारखाने कायद्याबाहेर राहिले. तेथे हंगामात स्त्रिया पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत राबत.

हा कायदा लँकेशायरच्या गिरणीमालकांच्या दबावाखाली झाला असून तो भारतीय उद्योगाला मारक आहे, अशी भूमिका त्या काळच्या अनेक राष्ट्रवादी पुढाऱ्यांनी व वृत्तपत्रांनी घेतली. लँकेशायरचा स्वार्थ त्यामागे होता, ही गोष्ट खरीच होती. दीनबंधूने मात्र वेगळी भूमिका मांडली. मालक देशी असो वा विदेशी, गिरणीत राबणाऱ्या माणसाला विश्रांती व संरक्षण मिळालेच पाहिजे, असा लोखंडे यांचा आग्रह होता.

बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन व १८८४ चे निवेदन

१८८१ च्या कायद्यातील उणिवा तपासण्यासाठी मुंबई सरकारने १८८४ मध्ये डब्ल्यू. बी. मुलॉक यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा आयोग नेमला. कामगारांचे म्हणणे कामगारांनीच मांडले पाहिजे, या हेतूने लोखंडे यांनी २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळच्या सुपारीबाग भागात गिरणी कामगारांची सभा बोलावली. भारतातील कामगारांची ही पहिली संघटित सभा मानली जाते. तीन दिवसांनी, २६ सप्टेंबर रोजी, आणखी एक सभा झाली. सभांमध्ये संमत झालेल्या मागण्यांच्या निवेदनावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या वा अंगठे केले आणि ते आयोगाला सादर करण्यात आले. याच प्रयत्नातून बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी राहिली व लोखंडे तिचे अध्यक्ष झाले.

निवेदनात पाच मागण्या होत्या :

१. सर्व गिरणी कामगारांना दर रविवारी पूर्ण दिवसाची सुट्टी मिळावी.
२. रोज दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी.
३. गिरण्यांचे काम सकाळी साडेसहा वाजता सुरू व्हावे व सूर्यास्ताला बंद व्हावे.
४. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत दिला जावा.
५. काम करताना गंभीर जखमी होऊन कामास असमर्थ झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो जन्मभरासाठी अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची योग्य तरतूद व्हावी.

पाचवी मागणी इतर चार मागण्यांहून वेगळी आहे. पहिल्या तीन मागण्या कामाच्या वेळेविषयी होत्या. चौथी मागणी कमावलेला पगार वेळेवर हाती पडावा एवढीच होती. पाचव्या मागणीत मात्र अपघाताची आर्थिक जबाबदारी कोणाची, हा प्रश्न उभा केला होता. अपघात कोणाच्या चुकीने झाला, याचा उल्लेख तिच्यात नाही. काम करताना इजा झाली, एवढेच कारण भरपाईसाठी पुरेसे मानले होते. जर्मनीत अपघात विम्याचा कायदा त्याच वर्षी, १८८४ मध्ये झाला. ब्रिटनमध्ये मालकाचा दोष सिद्ध न करता भरपाई देणारा कायदा त्यानंतर तेरा वर्षांनी, १८९७ मध्ये आला. हे लक्षात घेता परळच्या सभेतील मागणी काळाच्या पुढची होती असे दिसते.

आयोगाच्या अहवालावर तातडीने कायदा झाला नाही आणि निवेदन तसेच पडून राहिले. लोखंडे यांनी मात्र दीनबंधूतून व नव्या अर्जांद्वारे पाठपुरावा चालू ठेवला.

साप्ताहिक सुट्टी व १८९१ चा कायदा

१८८९–९० मध्ये या प्रश्नाला पुन्हा गती आली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथील रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे १०,००० गिरणी कामगारांची सभा झाली. सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली, ही त्या काळी असाधारण गोष्ट होती. साप्ताहिक सुट्टीची मागणी करणारा अर्ज या सभेने गिरणीमालक संघाकडे पाठविला. १० जून १८९० रोजी मालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

त्याच वर्षी भारत सरकारने नवा कारखाना आयोग नेमला. आयोगाच्या मुंबईतील कामात लोखंडे यांना स्थानिक प्रतिनिधी म्हणून सहभागी करून घेण्यात आले. आयोगाच्या अहवालानंतर १८९१ चा कारखाना कायदा झाला व तो १ जानेवारी १८९२ पासून अंमलात आला. ५० कामगारांचे कारखाने त्याच्या कक्षेत आले. मुलांचे किमान वय नऊ वर्षे झाले व नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी सात तासांची मर्यादा आली. स्त्रियांसाठी कमाल अकरा तासांचे काम ठरले. दुपारची अर्ध्या तासाची सुट्टी आणि साप्ताहिक सुट्टी यांना कायद्याचा आधार मिळाला.

अशा रीतीने १८८४ च्या पहिल्या दोन मागण्या सात वर्षांत मान्य झाल्या. साप्ताहिक सुट्टीने यंत्रे पूर्ण थांबविण्यास व कामगारांना विश्रांती मिळण्यास वाव दिला, त्यामुळे अपघातांच्या प्रश्नाशीही तिचा संबंध होता. पण जखमी कामगाराच्या पगाराचा व निर्वाहाचा प्रश्न १८९१ च्या कायद्यानेही सोडविला नाही.

इतर सामाजिक कार्य

लोखंडे यांचे कार्य गिरणगावापुरते मर्यादित नव्हते. विधवांच्या केशवपनाच्या प्रथेविरुद्ध त्यांनी १८९० मध्ये मुंबईतील नाभिक समाजाला संघटित केले. विधवांचे केस कापण्यास नकार देण्याचा निर्णय या समाजाने सभा घेऊन जाहीर केला. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल उसळली, तेव्हा दोन्ही समाजांत सलोखा व्हावा म्हणून त्यांनी परिश्रम केले. त्यांच्या सार्वजनिक कार्याची दखल घेऊन सरकारने त्यांना जस्टिस ऑफ द पीस नेमले आणि १८९५ मध्ये रावबहादूर ही पदवी दिली.

प्लेगची साथ व मृत्यू

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचे रुग्ण आढळले. लवकरच साथ सर्व शहरात पसरली आणि हजारो गिरणी कामगार गावी परतू लागले. मागे राहिलेल्या गरीब रुग्णांसाठी लोखंडे यांनी पुढाकार घेऊन रुग्णालय सुरू केले. चाळींतून फिरून रुग्णांची व्यवस्था पाहत असताना त्यांनाच प्लेगची लागण झाली आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर महिनाभराने, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचाही मृत्यू झाला. काही महिन्यांच्या अवधीत सत्यशोधक चळवळीने आपले दोन आधारस्तंभ गमावले.

लोखंडे यांच्यानंतर बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनचे काम मंदावले. संघटना प्रामुख्याने त्यांच्या व्यक्तिगत कर्तृत्वावर उभी होती.

पाचव्या मागणीचा पुढील प्रवास

अपघाताच्या भरपाईचा प्रश्न पहिल्या महायुद्धानंतर पुन्हा ऐरणीवर आला. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटना स्थापन झाली, १९२० मध्ये मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले आणि नारायण मल्हार जोशी केंद्रीय विधिमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. १९२३ मध्ये कामगार नुकसानभरपाई कायदा संमत झाला व १ जुलै १९२४ पासून तो लागू झाला.

या कायद्यामुळे अपघाताची सूचना दिल्यानंतरचा मार्ग पहिल्यांदाच स्पष्ट झाला. जखमी कामगाराने किंवा त्याच्या वतीने दुसऱ्याने शक्य तितक्या लवकर मालकाला सूचना द्यावयाची होती. मालक आपल्या खर्चाने डॉक्टरकडून त्याची तपासणी करून घेऊ शकत होता. भरपाईबाबत वाद झाल्यास दिवाणी न्यायालयाऐवजी कामगार नुकसानभरपाई आयुक्त निर्णय देणार होते. मृत्यू झाल्यास भरपाईची रक्कम आयुक्तांकडे जमा करावयाची होती, म्हणजे वारसांना ती परस्पर थोडक्यात देऊन प्रकरण मिटविता येऊ नये. मालकाचा दोष सिद्ध करण्याची अट राहिली नाही. मात्र कामगार नशेत असल्यास किंवा त्याने सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला वा यंत्राचे संरक्षक आवरण मुद्दाम काढले असल्यास भरपाई नाकारता येत होती.

मृत्यूबद्दल ३० महिन्यांचा पगार किंवा २,५०० रुपये यांपैकी कमी रक्कम, तर पूर्ण व कायमच्या अपंगत्वासाठी ४२ महिन्यांचा पगार किंवा ३,५०० रुपये यांपैकी कमी रक्कम ठरली. बोट, अंगठा, डोळा, हात अशा प्रत्येक अवयवाच्या हानीसाठी कमाईच्या क्षमतेची टक्केवारी ठरवून देणारे परिशिष्ट कायद्याला जोडले होते. तात्पुरत्या अपंगत्वासाठी पहिले दहा दिवस सोडून अर्धा पगार मिळणार होता. लोखंडे यांच्या निवेदनात पहिल्या दिवसापासून पूर्ण पगाराची मागणी होती. त्या तुलनेत १९२३ चा कायदा अपुराच होता, पण भरपाई हा कामगाराचा हक्क आहे, ही गोष्ट त्याने मान्य केली.

पगार वेळेवर देण्याची चौथी मागणी १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने पूर्ण केली. हजारपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांसाठी सात दिवसांची व इतरांसाठी दहा दिवसांची मुदत या कायद्याने घातली, म्हणजे १५ तारखेच्या मागणीपेक्षाही ती कमी होती. १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि विमाधारक कामगाराला उपचार व अपंगत्वाचा भत्ता यांचा हक्क मालकाच्या ऐपतीवर अवलंबून राहिला नाही. त्याच वर्षीच्या कारखाना कायद्याने यंत्रांचे कुंपण, चालत्या यंत्रावरील काम आणि अपघाताची सूचना यांबाबत तपशीलवार नियम केले. चालत्या यंत्राची सफाई करण्यास स्त्रिया व अल्पवयीन कामगारांना मनाई झाली. ज्या इजेमुळे कामगार ४८ तास वा अधिक काळ कामावर येऊ शकत नाही, तिची सूचना देणे व्यवस्थापकावर बंधनकारक ठरले.

कोल्हापूर व गारगोटी परिसराशी संबंध

ब्रिटिश हिंदुस्थानचे कारखाना कायदे संस्थानांना आपोआप लागू होत नसत. भुदरगड तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेली गारगोटी त्या काळी कोल्हापूर संस्थानात होती. त्यामुळे या भागातील माणूस मुंबईच्या गिरणीत गेला की कारखाना कायद्याच्या कक्षेत येई आणि जखमी होऊन गावी परतला की त्या कक्षेबाहेर जाई. कोल्हापूर शहरात छत्रपती शाहू महाराजांनी १९०६ मध्ये सूत व कापड गिरणीचा पाया घातला. १९११ मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाजाची शाखा स्थापन झाली आणि लोखंडे ज्या विचारपरंपरेत वाढले, तिला संस्थानात राजाश्रय मिळाला. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.

मुंबईच्या गिरण्यांत प्रारंभी कोकणातील, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातील कामगारांचा भरणा अधिक होता. विसाव्या शतकात सातारा व कोल्हापूरच्या घाटमाथ्यावरूनही मोठ्या संख्येने माणसे गेली. भुदरगड, आजरा, गडहिंग्लज व चंदगड या तालुक्यांतील अनेक कुटुंबांत गिरणीत काम केलेली एक तरी पिढी आढळते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर यांतील बरेच कामगार गावी परतले. गिरण्यांच्या जमिनीवर घरे मिळावीत, या मागणीच्या आंदोलनांत या तालुक्यांतील निवृत्त कामगार व त्यांचे वारस सहभागी झाले आहेत.

मूल्यमापन

बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनला आधुनिक अर्थाने कामगार संघटना म्हणता येईल का, याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. तिची नियमित वर्गणी, सभासदांची नोंदवही किंवा लिखित घटना नव्हती. तिने संप पुकारण्यापेक्षा सभा, अर्ज व निवेदने यांवर भर दिला. त्यामुळे काही इतिहासकार लोखंडे यांना कामगारांचे हितचिंतक समाजसुधारक मानतात आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास लेबर युनियनला पहिली संघटना म्हणतात. दुसरे मत असे की, कामगार संघटनांना कायदेशीर मान्यता १९२६ मध्ये मिळाली. त्याआधीच्या संघटनेला नंतरच्या निकषांनी मोजणे योग्य नाही. हजारो निरक्षर कामगारांना एका ठिकाणी जमवून लेखी मागण्यांवर त्यांची संमती घेणे, हीच या मतानुसार संघटनेची सुरुवात होती.

ब्रिटिश सरकारकडे न्याय मागण्याच्या त्यांच्या मार्गावरही टीका झाली आहे. परंतु देशी मालकांच्या हितसंबंधांना राष्ट्रहिताचे नाव दिले जात असताना कामगाराची बाजू वेगळी मांडण्याचे काम त्यांनी केले. जात, स्त्रीदास्य व श्रम हे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, ही सत्यशोधक दृष्टी त्यांच्या कामगार कार्यातही दिसते.

वारसा व स्मारके

लोखंडे यांना भारतीय कामगार चळवळीचे जनक म्हटले जाते. मनोहर कदम यांनी लिहिलेल्या चरित्रामुळे विस्मरणात गेलेल्या त्यांच्या कार्याकडे अभ्यासकांचे लक्ष पुन्हा वेधले गेले. भारतीय टपाल खात्याने ३ मे २००५ रोजी त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट प्रसिद्ध केले. मुंबईतील परळ येथे ज्या भागात १८८४ ची सभा भरली होती, त्याच परिसरातील महाराष्ट्र शासनाच्या श्रम विज्ञान संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले आहे. कामगार कायदे व औद्योगिक संबंध यांचे शिक्षण या संस्थेत दिले जाते.